पोशाखातील बंड : यादी अपुरी आहे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पोशाखाच्या द्वारे बंड करणाऱ्या आणि स्वतःचे म्हणणे मांडणाऱ्या इतिहासातील स्त्रियांवर आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत प्रसिद्ध झालेला लेख वाचला. या विषयाला पानभर जागा दिल्याबद्दल आपले आभार मानले पाहिजेत, कारण स्त्रियांच्या कपड्यांचा विषय आपल्याकडे एक तर दिवाळीच्या खरेदीपुरता निघतो, नाही तर कोणा पुढाऱ्याने केलेल्या उपदेशापुरता. तरीही काही गोष्टी नोंदवणे आवश्यक वाटते. लेखातील यादी फ्रान्सच्या जोन ऑफ आर्कपासून सुरू होते, अमेरिकेच्या अमेलिया ब्लूमर यांच्या पायजम्यावरून पॅरिसच्या कोको शनेलपर्यंत येते, आणि भारताची आठवण तिला शेवटच्या परिच्छेदात होते, तीही जयपूरच्या एका महाराणीच्या शिफॉन साडीपुरती. वडोद्यात वस्त्रविद्या शिकवण्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारखीला ही यादी अपुरी तर वाटतेच, परंतु तिच्यामागची समजूतही तपासून घ्यावीशी वाटते.

ती समजूत अशी दिसते की, जिने चारचौघींहून निराळे आणि डोळ्यांत भरेल असे काही अंगावर चढवले ती बंडखोर. पोशाख हा हौसेचा विषय असेल तिथे हे म्हणणे चालेल. पण जिथे लुगड्याची लांबी, अंगातली चोळी, पायांतली वहाण आणि डोक्यावरचे केस यांवरून बाईची जात आणि तिचा नवरा जिवंत आहे की नाही हे वाटेवरच्या कोणालाही ओळखता यावे अशी व्यवस्था होती, तिथे बंडाला निराळे काही लागत नसे. शेजारणीला सहज मिळते तेवढे आपणही घेणे हेच तिथे बंड ठरत असे. आपल्याकडचा बहुतेक इतिहास या दुसऱ्या प्रकारचा आहे आणि नेमका तोच लेखातून निसटला आहे.

लेखातील परदेशी उदाहरणेही नीट पाहिली तर हेच सांगतात. जोन ऑफ आर्कला १४३१ साली रूआँ येथे जाळण्यात आले, तेव्हा पुरुषी वेश धारण करणे हा तिच्यावरचा किरकोळ आरोप नव्हता. एकदा माघार घेतल्यावर तिने तुरुंगात पुन्हा पुरुषी कपडे घातले, हेच तिला अखेरची शिक्षा देण्याचे निमित्त झाले. पॅरिसमध्ये १८०० साली निघालेल्या हुकुमानुसार पुरुषासारखे कपडे घालू इच्छिणाऱ्या स्त्रीला पोलिसांची परवानगी काढावी लागे. प्राणिचित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या रोझा बोनर या चित्रकर्तीने तशी परवानगी काढली होती, कारण गुरांच्या बाजारात उभे राहून रेखाटने करायची तर पायघोळ झगा अडचणीचा होता. हा हुकूम आता लागू नाही, असे फ्रेंच सरकारने स्पष्ट केले ते २०१३ साली. फॅशनची राजधानी म्हणून आपण ज्या शहराचे कौतुक करतो त्या शहराची ही गोष्ट आहे. ब्लूमरबाईंनी १८५१ साली आपल्या 'द लिली' या पत्रातून ज्या आखूड झग्याचा आणि घोट्याशी आवळलेल्या पायजम्याचा पुरस्कार केला, तो वेश एलिझाबेथ केडी स्टँटन यांच्यासारख्या पुढारी स्त्रियांनी थोड्याच वर्षांत सोडून दिला. सभेला आलेले लोक मताधिकारावरचे भाषण ऐकायचे सोडून वक्तीचे पायच पाहत बसतात, हे त्यांच्या ध्यानात आले होते. लेखात तो पायजमा आला, पण तो सोडावा का लागला हे आले नाही. त्या प्रकरणातली विचार करण्यासारखी गोष्ट, माझ्या मते, तीच होती.

आता शिफॉनकडे वळते, कारण तिची वाट जयपूरहून निघालेली नसून आमच्या लक्ष्मीविलास राजवाड्यातून गेलेली आहे आणि वडोदेकरांनी ते सांगितले नाही तर दुसरे कोण सांगणार? जयपूरच्या ज्या महाराणी गायत्रीदेवींचे छायाचित्र आपण छापले आहे, त्या महाराजा सयाजीराव गायकवाड तिसरे यांच्या नात होत. त्यांच्या मातोश्री इंदिराराजे यांचा जन्म १८९२ सालचा. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे यांच्याशी ठरलेला आपला विवाह इंदिराराजेंनी १९११ साली स्वतः पत्र पाठवून मोडला आणि १९१३ साली लंडनमध्ये कूचबिहारच्या जितेंद्रनारायण यांच्याशी लग्न केले. या लग्नाला आईवडील उपस्थित नव्हते. १९२२ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्यांना वैधव्य आले आणि अल्पवयीन मुलाच्या वतीने कूचबिहारचा कारभार त्यांच्याकडे आला. साडीला पुरेल एवढ्या पन्ह्याची शिफॉन फ्रान्समधून विणवून घेण्याची आणि पांढरी, तलम, अंगाबरोबर राहणारी साडी नेसण्याची त्यांची तऱ्हा पुढे संस्थानी घराण्यांत पसरली. गायत्रीदेवींनी आपल्या आठवणींत आईच्या या आवडीविषयी लिहिले आहे. शिफॉनचे वर्णन करणाऱ्या लेखांत नेहमी मोती, हिरे आणि इटालियन बूट येतात. ती पांढरी साडी एका तरुण विधवेची होती, हे मात्र फारसे येत नाही. विधवेने कोपऱ्यात बसावे, चारचौघांत हसू नये, पाहुण्यांची सरबराई पुढे होऊन करू नये, या अपेक्षा त्या साडीने मोडल्या. म्हणून मी इंदिराराजेंना बंडखोर म्हणायला तयार आहे, पण पुरे नाही. ज्या दशकात मुंबईला विदेशी कापडाच्या होळ्या पेटत होत्या आणि असंख्य साध्या घरांतील बायका जाडीभरडी खादी अंगाला टोचत असूनही नेसत होत्या, त्याच दशकात ही शिफॉन फ्रान्सहून येत होती. दोन्हीही पांढरी वस्त्रेच, पण एकीच्या मागे खजिना होता आणि दुसरीच्या मागे लाठी.

इंदिराराजेंच्या मातोश्री, महाराणी चिमणाबाई दुसऱ्या, यांचे नाव लेखात कुठेच नाही, याचे तर आश्चर्य वाटले. देवासच्या घाटगे घराण्यातली ही मुलगी १८८५ साली गायकवाडांच्या घरात आली. छायाचित्रांत त्या काठापदराच्या नऊवारीत दिसतात, कासोटा मराठमोळा आणि पायांत मोजे व विलायती बूट. आमच्या विषयातल्या विद्यार्थिनी हे चित्र पाहून हसत, आणि मग या बाई शिकार करत आणि टेनिस खेळत हे कळल्यावर हसू थांबत असे. खरी गोष्ट मात्र बुटांची नाही. युरोपात महाराजांबरोबर उघड्या चेहऱ्याने वावरणारी ही राणी वडोद्याला परतली की तिला पडद्याआड जावे लागे, आणि ही विसंगती तिला अनेक वर्षे सहन करावी लागली. भारतीय स्त्रीच्या सार्वजनिक जीवनातील स्थानावर त्यांनी सहलेखकासह लिहिलेले इंग्रजी पुस्तक १९११ साली प्रसिद्ध झाले, तेव्हाही आपल्या राज्यात त्या पडद्यातच होत्या. १९१४ च्या सुमारास त्यांनी वडोद्यात तो उघडपणे सोडला आणि महाराजांच्या शेजारी लोकांसमोर बसू लागल्या. नवे वस्त्र त्यांनी काहीच घातले नाही. जे होते त्यातले एक काढून ठेवले, आणि लुगडे शेवटपर्यंत आपल्या आईचेच ठेवले. 'आधुनिक' पोशाखाची जी चढती भाजणी लेखात मांडली आहे, तिच्यात अशा बाईला जागा सापडणार नाही, याचे कारण उघड आहे.

राजवाड्यातल्या बायकांचे धैर्य मी कमी लेखत नाही. पण तिथे पाठीशी बालविवाहाविरुद्ध १९०४ साली आणि सक्तीच्या शिक्षणासाठी १९०६ साली साऱ्या राज्यापुरते कायदे करणारा राजा उभा होता. ज्यांच्या पाठीशी कोणी नव्हते त्यांच्याकडे पाहिल्यावर किंमत म्हणजे काय ते कळते.

इंदिराराजेंच्या पांढऱ्या शिफॉनच्या काळातच आपल्या वाड्यांतून अलवण नेसलेल्या विधवा वावरत होत्या. अलवण म्हणजे बिनकाठाचे तांबडे लुगडे. अंगात चोळी नाही, कपाळी कुंकू नाही, हातात बांगडी नाही, आणि ठरावीक दिवसांनी न्हावी येऊन डोके भादरून जाणार. हा पोशाख बाईने निवडलेला नसे, तो तिच्यावर लादलेला असे, आणि त्याची शिलाई धर्माच्या नावाने झालेली असल्यामुळे तो उसवायला सासर-माहेर दोन्हीही धजत नसत. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि त्याच वर्षी मुंबईतच भरलेल्या सामाजिक परिषदेत विधवांच्या केशवपनाविरुद्ध भाषण केले. पुढच्याच वर्षी, १८९० साली, कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी सभा भरवून आपण विधवांचे केशवपन करणार नाही असे ठरवले. वस्तऱ्याने आपले काम नाकारावे, हा वेशभूषेच्या इतिहासातला इतका विलक्षण प्रसंग आहे की परदेशातल्या कोणत्याही यादीत तो पहिल्या पानावर गेला असता. आपल्याकडे तो कामगार चळवळीच्या टिपणांत पडून राहिला. शारदा सदनात दाखल झालेल्या पहिल्या विधवांपैकी गोदूबाई यांचा १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला, हे सर्वांना ठाऊक असते. त्यांच्या धाकट्या बहिणीची, पार्वतीबाई आठवले यांची गोष्ट मात्र थोड्यांनाच ठाऊक आहे, आणि मला ती अधिक मोलाची वाटते.

पार्वतीबाईंना ऐन विशीत वैधव्य आले. त्या कर्व्यांच्या हिंगण्याच्या विधवाश्रमात आल्या, शिकल्या, तिथेच शिकवू लागल्या आणि आश्रमासाठी गावोगाव फिरून वर्गणी गोळा करू लागल्या. हे सारे त्यांनी सोवळ्या विधवेच्या वेशात केले. त्यात सोय होती: जुन्या मताच्या घरांतून दार उघडत असे आणि बाई पुनर्विवाहाचा प्रचार करायला आली नाही, अशी खात्री पटत असे. नंतर प्रौढ वयात त्यांनी न्हाव्याला बोलावणे बंद केले आणि केस वाढवले. आपल्या आत्मचरित्रात त्यांनी या निर्णयाबद्दल मोकळेपणाने लिहिले आहे. तरुणपणी केस वाढवले असते तर लोकांनी 'हिला नटायचे आहे' असे म्हणून विषय मिटवला असता. ज्या वयात नटण्याचा आरोप टिकत नाही अशा वयात वाढवलेल्या केसांमुळे प्रश्न निर्मळ झाला: हे डोके कोणाचे? पुढे या बाई इंग्रजी शिकण्यासाठी आणि आश्रमाला मदत मिळवण्यासाठी अमेरिकेलाही जाऊन आल्या. पुरवणीच्या लेखात हॉलिवूडची नटी मार्लेन डीट्रिख हिच्या पुरुषी सुटावर दोन परिच्छेद आहेत. त्यांपैकी एक पार्वतीबाईंना देता आला असता.

झाशीच्या राणीचे उदाहरण द्यायला मी जरा बिचकते, कारण तिच्या वेशाबद्दल पुतळ्यांनी इतके सांगून ठेवले आहे की लिहिलेले कोणी वाचत नाही. पण त्या धामधुमीच्या काळात झाशीत राहिलेले वरसईचे विष्णुभट गोडसे यांनी 'माझा प्रवास' मध्ये राणीच्या दोन्ही वेशांचे वर्णन केले आहे: एक पुरुषी, पायजमा, बंडी, डोक्याला पागोटे आणि कमरेला तलवार असा, दुसरा बायकी, शुभ्र पातळ, तशीच चोळी, थोडेच दागिने, नथ नाही, आणि केसांचा बुचडा. पुरुषी वेशाची चर्चा सगळे करतात. विधवेच्या डोक्यावरचा बुचडा मात्र कोणाच्या लक्षात येत नाही, आणि त्या काळच्या वाचकाच्या नजरेत तो तलवारीइतकाच भरला असेल, असे मला वाटते. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ कोटा की सराय येथे ती पडली, तेव्हा घोडेस्वाराच्याच वेशात होती.

रस्त्याची गोष्ट आणखी निराळी. सावित्रीबाई फुले शाळेत जाताना लोक शेणमाती फेकत, म्हणून त्या बरोबर दुसरे लुगडे नेत आणि शाळेत पोहोचल्यावर ते बदलून शिकवायला उभ्या राहत. काशीबाई कानिटकर आणि आनंदीबाई जोशी पायांत बूट आणि हातात छत्री घेऊन बाहेर पडल्या, तेव्हा त्यांच्यावर दगड फेकण्यात आल्याची नोंद आहे. बूट आणि छत्री! आज वडोद्याच्या भर उन्हात छत्रीशिवाय निघालेल्या मुलीला आपण वेडी म्हणू. पण त्या काळी वहाण आणि छत्री हा पुरुषांचा, आणि त्यांतही वरच्या जातींच्या पुरुषांचा मान होता, आणि तो मान एका बाईने उचलून घेतला, हा खरा गुन्हा होता. अमेरिकेला जाण्यापूर्वी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूर येथे केलेल्या भाषणात, इथेच राहून वैद्यक का शिकत नाही, याचे उत्तर देताना आनंदीबाईंनी रस्त्यात होणाऱ्या या टवाळीचा उल्लेख केला आहे. नंतर फिलाडेल्फियाच्या थंडीत त्यांनी साडी सोडली नाही. इथे पाश्चात्त्य बूट घातल्याबद्दल दगड खाल्ले आणि तिथे साडी नेसण्याचा हट्ट धरला. यात विसंगती आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी दोन्ही वेळी ठरवणारी कोण होती एवढेच पाहावे.

इतर प्रांतांतील प्रसंग थोडक्यात सांगते. दक्षिणेकडील त्रावणकोर संस्थानात, खालची मानलेल्या नाडर जातीच्या स्त्रियांना वरच्या जातींसमोर छाती झाकण्याची मनाई होती. त्यांनी अनेक वर्षे मारहाण सोसून झगडा दिल्यावर १८५९ साली संस्थानाला तसा हक्क देणारा जाहीरनामा काढावा लागला, आणि तोही काही अटींसह. त्याच त्रावणकोरातून आलेल्या राजा रविवर्म्याने पुढे आमच्या वडोद्याच्या दरबारासाठी चित्रे काढली आणि त्याच्या साडी-चोळीतल्या देव्या छापील चित्रांतून घरोघरच्या भिंतींवर गेल्या. देव्यांना साडी मिळायला फारसा वाद झाला नाही. बंगालमध्ये ज्ञानदानंदिनी देवींनी साडीबरोबर झंपर आणि परकर वापरण्याची पद्धत रूढ केली. त्यांचे पती सत्येंद्रनाथ ठाकूर मुंबई इलाख्यात अधिकारी असल्यामुळे पारशी स्त्रियांच्या नेसणीचा नमुना त्यांच्या पुढे होता. आज जी साडी 'भारतीय' म्हणून जगभर ओळखली जाते, तिच्या जडणघडणीत आपल्या पश्चिम किनाऱ्याचा एवढा वाटा आहे.

ज्या प्रसंगासाठी मुख्यतः हे पत्र लिहीत आहे, तो १९२७ सालचा आहे. त्या वर्षाच्या आरंभी, जानेवारीत, पुण्याला अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन महाराणी चिमणाबाईंच्या अध्यक्षतेखाली भरले. त्याच वर्षाच्या अखेरीस, डिसेंबरात, महाडला सत्याग्रह परिषद भरली आणि तिथे जमलेल्या अस्पृश्य स्त्रियांपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते: गुडघ्यापर्यंत आखूड नेसलेले लुगडे आणि गळाभर, हातभर चढवलेले कथलाचे व चांदीचे दागिने ही तुमच्या अस्पृश्यतेची लांबून पटणारी ओळख झाली आहे, ती ओळख टाका, वरच्या जातींच्या बायका नेसतात तसे घोळदार नेसा, दागिन्यांचा भार उतरवा, फाटके असले तरी स्वच्छ वापरा. आणि त्या बायकांनी ते केले. घरी जाऊन, नवऱ्याला विचारून, गावाचा अंदाज घेऊन नव्हे. परिषदेच्या ठिकाणीच त्यांनी लुगडी घोट्यापर्यंत सोडून नेसून घेतली. चार बोटांनी लुगडे खाली सोडणे ही गोष्ट शहरातल्या बाईला क्षुल्लक वाटेल. पण या बायका दुसऱ्या दिवशी त्याच गावात परतणार होत्या, जिथे त्यांच्या पायांतली वहाण आणि अंगावरचा सोन्याचा मणीसुद्धा गावाच्या डोळ्यांत खुपत असे. शेतावर मजुरी त्यांना तिथेच मागायची होती, पाणीही तिथेच. त्यांच्यापैकी बहुतेकींची नावे कुठे लिहिली गेली नाहीत आणि त्यांची छायाचित्रे तर नाहीतच. पुरवणीच्या पानावर जागा मिळवायला छायाचित्र लागते, ही अडचण मला समजते.

यावर कोणी म्हणेल की, वरच्या जातींसारखे नेसणे ही नक्कल झाली, त्यात आत्माविष्कार कुठला? हा आक्षेप मी वर्गातही ऐकला आहे. ज्याला सगळे कपडे खुले आहेत त्याला नक्कल आणि निवड यांत फरक करण्याची चैन परवडते. जिला एकच नेसण सक्तीची होती, तिने दुसरी कोणतीही नेसली तरी ती तिची निवडच. ज्या आंबेडकरांना सयाजीरावांनी १९१३ साली शिष्यवृत्ती देऊन परदेशी पाठवले, त्यांना १९१७ साली नोकरीसाठी याच शहरात आल्यावर राहायला जागा मिळाली नाही. परदेशी शिक्षण आणि अंगावरचा उत्तम सूट यांचा वडोद्यात काही उपयोग होत नाही, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. त्यामुळे महाडला ते कपड्यांविषयी बोलले, तेव्हा कपड्याने काय साधते आणि काय साधत नाही, हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नसावे.

नऊवारीबद्दलही थोडे लिहायला हवे, कारण लेखाच्या शेवटी स्कूटरवर बसलेल्या, गॉगल लावलेल्या नऊवारीतल्या मुलींचे चित्र 'परंपरेतले बंड' म्हणून दिले आहे. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेतला तो थाट मलाही आवडतो. परंतु विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आमच्या दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातल्या मराठी घरांत बंड होते ते नऊवारी सोडून पाचवारी गोल नेसण्याचे. कासोट्याशिवाय नेसलेली बाई देवघरात आणि सोवळ्याच्या स्वयंपाकात चालत नसे, आणि सुनेने पाचवारी नेसायला काढली की सासूचे तोंड आठवडाभर फिरलेले असे. त्याच काळात मराठी बायकांच्या नेसणीचा, गजऱ्याचा आणि शेल्याचा सर्वांत मोठा अधिकारी कोण होता? बालगंधर्व, म्हणजे एक पुरुष. घरच्या सुनेने केलेला बदल ज्यांना खपत नव्हता, तेच पुरुष रंगभूमीवर तो बघायला तिकीट काढून जात. आता पाचवारी रोजची झाली, पंजाबी ड्रेसने तिलाही मागे सारले आणि शिवलेली नऊवारी, जिला कासोटा घालावाच लागत नाही, ती भाड्याने मिळू लागली. ती भाड्याने घेणाऱ्या मुलींना मी नावे ठेवत नाही. त्यांच्या हौसेला बंड म्हटल्यावर महाडच्या बायकांनी केले त्याला काय म्हणायचे, एवढाच माझा प्रश्न आहे.

आपल्याकडून दोन गोष्टींची अपेक्षा आहे. ही लेखमाला पुढे चालणार असल्याचे आपण जाहीर केले आहे. तिच्या एका भागात १८९० ची नाभिकांची सभा, पार्वतीबाई आठवले आणि महाडच्या स्त्रिया यांच्यावर स्वतंत्र लेख यावा आणि तो त्या विषयाच्या अभ्यासकाकडून लिहवून घ्यावा. छायाचित्र नाही म्हणून जागा नाही, असे होऊ नये. त्या काळच्या लुगड्यांचे नमुने आणि नेसणीची रेखाचित्रे हवी असल्यास आमच्या शहरातल्या वस्त्रविद्येच्या प्राध्यापिका आनंदाने मदत करतील.

दुसरी गोष्ट दुरुस्तीची. आनंदीबाई जोशी यांच्या नावाने आपण छापलेल्या चित्रात तीन स्त्रिया आहेत आणि खाली नाव एकीचेच आहे. हे छायाचित्र १० ऑक्टोबर १८८५ रोजी पेनसिल्व्हानियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात घेतलेले आहे. साडीतल्या आनंदीबाईंखेरीज त्यात जपानी किमोनो घातलेल्या केई ओकामी आणि सीरियाच्या पारंपरिक वेशातील सबात इस्लामबूली आहेत. ओकामी १८८९ साली आणि इस्लामबूली १८९० साली तिथून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. पुढच्या रविवारी दोघींची नावे, त्यांच्या देशांसह, छापावीत ही विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त अध्यापिका,
दांडिया बाजार, वडोदरा